खेळाच्या खात्यातली चोरी आणि सहा दिवसांचं मौन



सुट्ट्या लागल्या की आपल्या घरांतून एक नवीन हाक ऐकू येते. "आई, ओटीपी आला का गं?" मागच्या आठवड्यात आमच्या धाकट्याला त्याच्या खेळात काहीतरी विकत घ्यायचं होतं. हातातली कणीक पुसून मी कार्ड काढलं आणि नंबर टाकला. पुढे पडद्यावर एक छोटा चौकोन आला. 'हे कार्ड पुढच्या वेळेसाठी जतन करायचं का?' तो मागून म्हणत होता, "हो कर ना, सारखं सारखं टाकायला नको." पण माझं बोट तिथेच थांबलं. मला २०११ सालची एक गोष्ट आठवली होती. गोष्ट परदेशातली असली तरी तिच्यात आपल्यासारख्या आयांची कार्डं आणि आपल्या मुलांसारख्यांच्या जन्मतारखा होत्या, म्हणून आज ती सांगते.

टीव्हीला जोडून खेळायचं सोनी कंपनीचं प्लेस्टेशन हे यंत्र तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिलं असेल. २००६ साली कंपनीने त्याच्यासाठी प्लेस्टेशन नेटवर्क नावाची सेवा सुरू केली. खातं उघडायचं आणि घरबसल्या दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या देशातल्या मुलांशी खेळायचं. त्या वेळी याला पैसे पडत नसत. पण खातं उघडताना नाव, पत्ता, जन्मतारीख, ईमेल आणि पासवर्ड द्यावा लागे. नवा खेळ उतरवून घ्यायचा असेल तर कार्डाचा नंबरही द्यावा लागे. २०११ पर्यंत अशी सुमारे ७ कोटी ७० लाख खाती झाली होती.

१७ ते १९ एप्रिल २०११ या दिवसांत कोणीतरी त्या सेवेच्या संगणकांत शिरलं. १९ तारखेला अमेरिकेतल्या कर्मचाऱ्यांच्या लक्षात आलं की काही सर्व्हर आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होत आहेत. २० तारखेला शिरकावाचा पुरावा मिळाला आणि कंपनीने जगभरची सेवा बंद केली.

लोकांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं की खेळ लागत नाही. तो ईस्टरच्या सुट्टीचा आठवडा होता. पोर्टल २ आणि मॉर्टल कॉम्बॅट हे दोन गाजलेले खेळ अमेरिकेत आदल्याच दिवशी, १९ एप्रिलला, बाजारात आले होते. ज्यांनी ते हौसेने आणले त्यांना मित्रांबरोबर खेळता येईना. पहिली प्रतिक्रिया साधी चिडचिडीची होती. कधी सुरू होणार, एवढाच सगळ्यांचा प्रश्न. आपल्याकडे ऐन मॅचच्या वेळी लाईट गेल्यावर घरात जे होतं, तसंच.

२२ तारखेला कंपनीने सांगितलं की बाहेरून कोणीतरी घुसखोरी केली आहे. पण काय गेलं, ते सांगितलं नाही. त्याच दिवशी कंपनीने अमेरिकेच्या तपास यंत्रणेला, एफबीआयला, कळवलं होतं. ग्राहकांना मात्र खरी बातमी २६ एप्रिलला मिळाली. नाव, पत्ता, ईमेल, जन्मतारीख, पासवर्ड हे सगळं चोरट्याच्या हाती लागलं असावं आणि कार्डाचा नंबरही गेला नसेलच असं सांगता येत नाही, असं कंपनीने जाहीर केलं. त्या सूचनेत आणखी एक वाक्य होतं, ते वाचताना माझ्या काळजात चर्र झालं. आईवडिलांनी आपल्या खात्याखाली मुलासाठी वेगळं खातं उघडून दिलं असेल, तर त्या मुलाचीही हीच माहिती गेलेली असू शकते.

इथे लोकांच्या बोलण्याचा सूर पालटला. आता प्रश्न खेळाचा राहिला नाही. सेवा २० ला बंद केलीत, मग आम्हाला २६ ला का सांगता? सहा दिवसांत आम्ही कार्ड बंद केलं असतं. तोच पासवर्ड ईमेललाही लावला होता, तो बदलला असता. बँकेला फोन केला असता. चोराबद्दल राग होताच, पण या सहा दिवसांबद्दलचा राग त्याहून मोठा होता. कितीतरी जणांना ही बातमी कंपनीकडून नव्हे, तर टीव्हीवरून आणि वर्तमानपत्रातून कळली. कनेक्टिकटचे सिनेटर रिचर्ड ब्लूमेंथल यांनी त्याच दिवशी पत्र लिहून कंपनीला या उशिराचा जाब विचारला. दुसऱ्याच दिवशी कॅलिफोर्नियात सर्व ग्राहकांच्या वतीने पहिला दावा दाखल झाला. मे महिन्यात कॅनडातही एक अब्ज डॉलरहून मोठ्या रकमेचा दावा लागला.

सगळेच काही रागावले नव्हते, हेही सांगायला हवं. काहींचं म्हणणं होतं की कंपनीही चोरीची बळी आहे, घरफोडी झाली म्हणून घरमालकालाच का बोलायचं? काही म्हणाले, सेवा फुकट आहे, तक्रार कसली करता? काहींनी यंत्र विकून दुसऱ्या कंपनीचं घेतलं. आणि पुष्कळ जण, विशेषतः मुलं, खेळ परत कधी येतो याचीच वाट बघत बसली.

कंपनीची बाजूही ऐकूया. अमेरिकी संसदेच्या उपसमितीला ४ मे रोजी कळवताना कंपनीने म्हटलं की अर्धवट माहिती दिली असती तर लोक गोंधळले असते, नको ती धावपळ झाली असती. सर्व्हर १३० होते, त्यांतल्या सुमारे १० मध्ये शिरकाव झाल्याचा संशय होता, आणि काय गेलं हे शोधायला बाहेरचे तज्ज्ञ बोलवावे लागले. जगभरात १ कोटी २३ लाख खातेदारांची कार्डं नोंदलेली होती. हे कारण अगदीच खोटं नाही. घरात दागिना सापडेना झाला की आपणही आधी सगळी कपाटं उपसतो आणि मगच कोणाला सांगतो. पण तो दागिना आपला असतो. शेजारणीने विश्वासाने ठेवायला दिलेला असेल, तर शोध चालू असतानाच तिला सांगायला नको का? 'अजून नक्की कळलं नाही, पण तू सावध राहा' एवढं पहिल्याच दिवशी म्हणता आलं असतं.

१ मे रोजी टोकियोत पत्रकार परिषद झाली. खेळ विभागाचे प्रमुख काझुओ हिराई आणि त्यांचे दोन सहकारी उभे राहिले आणि जपानी रीतीप्रमाणे कंबरेत वाकून कितीतरी क्षण तसेच राहिले. ते छायाचित्र जगभर छापून आलं. पण त्याच्या दुसऱ्याच दिवशी कळलं की कंपनीच्या दुसऱ्या खेळसेवेची, सोनी ऑनलाइन एंटरटेनमेंटची, २ कोटी ४६ लाख खातीही चोरीच्या कचाट्यात आली आहेत. त्यांत २००७ सालच्या एका जुन्या नोंदसंग्रहातले सुमारे १२,७०० कार्डांचे तपशील होते. ही कार्डं अमेरिकेबाहेरच्या ग्राहकांची होती. शिवाय ऑस्ट्रिया, जर्मनी, नेदरलँड्स आणि स्पेनमधल्या सुमारे १०,७०० ग्राहकांच्या बँक खात्यांच्या नोंदी होत्या. कालच माफी मागितली आणि आज ही नवी बातमी, त्यामुळे लोकांचा विश्वास आणखी डळमळला. आणि चार वर्षांपूर्वीचं ते जुनं बाड ठेवलं कशाला होतं, हा प्रश्न मला आजही पडतो. माळ्यावर नको ते साठवलं की उंदीर होतातच.

पासवर्ड उघडे ठेवले होते का, असंही लोक विचारत होते. कंपनीने सांगितलं की ते मूळ रूपात नव्हते, हॅश करून ठेवले होते. सोप्या भाषेत सांगायचं तर दळून ठेवले होते. पिठाचे पुन्हा गहू करता येत नाहीत, तसंच हे. पण पासवर्ड सोपा असेल तर चोर नेहमीचे शब्द त्याच जात्यात दळून बघतो आणि पीठ जुळतं का ते पाहतो. '१२३४५६' किंवा मुलाचं नाव चटकन सापडतं ते असं.

१४ मेपासून अमेरिका आणि युरोपात सेवा टप्प्याटप्प्याने सुरू झाली. आधी प्रत्येकाने पासवर्ड बदलायचा होता. जपानमध्ये तिथल्या सरकारने सुरक्षेची खात्री मागितली, म्हणून तिथे २८ मे उजाडला आणि पूर्ण सेवा यायला जुलै लागला. कंपनीने परत येणाऱ्यांना ठरावीक यादीतले काही खेळ आणि एका सशुल्क योजनेचे ३० दिवस फुकट दिले. अमेरिकेतल्या ग्राहकांना ओळखचोरीपासून संरक्षण म्हणून वर्षभराची सेवा आणि दहा लाख डॉलरपर्यंतचा विमा देऊ केला. कार्डांचा गैरवापर झाल्याचा पुरावा मिळाला नसल्याचं कंपनीने त्या वेळी सांगितलं.

आणि लोक परत आले. सप्टेंबरमध्ये सोनीचे प्रमुख हॉवर्ड स्ट्रिंगर यांनी सांगितलं की सेवा सुरू झाल्यापासून ३० लाखांहून अधिक नवे ग्राहक मिळाले आणि विक्री आधीपेक्षा जास्त आहे. हे वाचून मला आधी आश्चर्य वाटलं. मग वाटलं, मुलं जाणार कुठे? त्यांचे मित्र तिथे, जिंकलेली बक्षिसं तिथे, विकत घेतलेले खेळ तिथे. परत येणं म्हणजे माफ करणंच असं नाही. दुधात पाणी आढळलं तरी गल्लीत एकच गवळी असेल तर आपणही दुसऱ्या दिवशी भांडं घेऊन उभ्या राहतोच ना!

न्यायालयातली गोष्ट मात्र संथ चालली. २०१२ मध्ये सॅन दिएगोच्या न्यायाधीशांनी बरेचसे मुद्दे फेटाळले. सेवेसाठी ग्राहकांनी पैसे मोजले नव्हते आणि सुरक्षा शंभर टक्के नसते हे कंपनीने अटींमध्येच लिहिलं होतं, ही त्यामागची दोन कारणं होती. २०१४ मध्ये दीड कोटी डॉलरची तडजोड झाली. तीही बरीचशी खेळ आणि सेवेच्या रूपातच होती, आणि ओळखचोरीने खरंच नुकसान झाल्याचं दाखवणाऱ्याला जास्तीत जास्त २,५०० डॉलर. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी जानेवारी २०१३ मध्ये कंपनीला अडीच लाख पौंड दंड केला. संगणकांवरची सॉफ्टवेअर वेळच्या वेळी अद्ययावत ठेवली असती तर हे टाळता आलं असतं, असं त्यांचं मत पडलं.

'पैसे मोजले नव्हते' हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. पैसे दिले नव्हते, पण नाव, पत्ता आणि लेकराची जन्मतारीख दिली होती. कार्ड बदलता येतं, पासवर्ड बदलता येतो, जन्मतारीख कशी बदलणार? फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत अशी कुठेतरी दिलेली असते, आपण ती मोजत नाही एवढंच.

मैत्रिणींनो, आपल्याकडे मौनाला मोठा मान आहे. पण आपलं मौन आपल्याच वाणीला आवर घालण्यासाठी असतं. ज्याचं नुकसान होत आहे त्याच्यापासून लपवण्यासाठी कोणी मौन धरत नाही. आलोचना पाठात आपण दोष एकेक करून, नाव घेऊन सांगतो आणि त्यानंतर क्षमा मागतो. 'काही चुकलं असेल तर माफ करा' असं मोघम म्हणून भागत नाही, हे आपल्या आज्यांनी आपल्याला लहानपणीच शिकवलं. २०११ च्या त्या ग्राहकांना याचा गंध नसेल, पण त्यांचं मागणं तेच होतं. वाकून माफी मागितलीत ते ठीक, फुकट खेळ दिलेत तेही ठीक, पण काय गेलं ते वेळेवर सांगायचं होतं.

आता आपल्या देशातही बदल झाले आहेत. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ऑनलाइन दुकानदारांना आपल्या कार्डाचा खरा नंबर साठवता येत नाही, त्याच्या जागी टोकन वापरावं लागतं. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती फुटली तर प्रत्येक बाधित व्यक्तीला कळवण्याची आणि १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घेताना पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. कायदा त्याचं काम करेल, पण घरातलं काम आपलंच.

मी त्या दिवशी काय केलं ते सांगते. कार्ड जतन केलं नाही. धाकट्याला शेजारी बसवून खेळाचा पासवर्ड बदलायला लावला, ईमेलचा वेगळा ठेवला. खात्यात जिथे सक्ती नव्हती तिथला घरचा पत्ता काढून टाकला. मग त्याला ही सगळी गोष्ट सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आई, माझ्याकडून काही गडबड झाली, चुकून कोणाला ओटीपी सांगितला, तर तू रागावशील?"

मी म्हटलं, "रागावेन. पण लगेच सांगितलंस तर कमी रागावेन."

तो हसला, आणि मीही. तुमच्या घरातही आज एकदा हे बोलणं होऊ द्या. मुलांना चूक सांगायची भीती वाटू नये, एवढं तरी आपण बघूया.