काळ्यांनी काय खेळावे?

2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात बुद्धिबळाचा विश्वचषक गोव्यात झाला आणि त्याचे वेड आमच्या लाटंबार्सेपर्यंत येऊन पोचले. माझा भाचा सुट्टीला आला तो काखेत पट घेऊनच. ओसरीवर बसताच त्याने विचारले, "मामा, पांढरी आली तर मला भीती नाही. काळी आली की दहा चालींत वाट लागते. काळ्यांनी काय खेळू?"

पोराने मोबाईलवर बघून सिसिलियन बचावाच्या आठ चाली पाठ केल्या होत्या. समोरच्याने पाचवीच चाल वेगळी केली की याचे पाठांतर संपले! कचेरीत आम्ही कारकूनही जुन्या फाईलीवरचा शेरा नव्या फाईलीवर उतरवतो आणि असेच फसतो. म्हणून त्याला चाली सांगण्याऐवजी एक जुनी हकिकत सांगितली. तीच इथे लिहितो.

माझे आजोबा देशी पद्धतीने बुद्धिबळ खेळत. त्यात प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरकायचे. किल्लेकोट नव्हता, शह बसण्यापूर्वी राजाला एकदा घोड्याची उडी मारता यायची. त्यामुळे पटाच्या मधोमध लगेच झुंबड उडत नसे. आधी आपले घर शाकारायचे, मग बाहेर पडायचे, अशी ती चाल.

याच रीतीत वाढलेला एक खेळाडू बंगालात होऊन गेला. महेशचंद्र बॅनर्जी त्याचे नाव. जॉन कोक्रेन हा स्कॉटिश बॅरिस्टर तेव्हा कलकत्त्यातला सर्वांत बलाढ्य खेळाडू. 1848 च्या सुमारास कुणीतरी सांगितले, की खेड्यात एक ब्राह्मण आहे, तो कधी हरलाच नाही म्हणतात. त्याला पटावर बसवले. युरोपी नियम त्याला ठाऊक नव्हते; ते तो शिकला. पुढे काही वर्षे दोघे शेकडो डाव खेळले. कोक्रेनने ते लिहून ठेवले, म्हणून आज आपल्याला कळतात.

नियम बदलले, पण हाताचे वळण कसे बदलणार? काळी मोहरी घेतली की महेशचंद्र अनेकदा राजाच्या बाजूचा घोडा काढी, घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवी आणि त्या जागी उंट बसवी. मधली जागा समोरच्याला घेऊ देई आणि मग बाजूने तिच्यावर मारा करी. त्या काळच्या युरोपी शिष्टाचारात हे बसत नव्हते. पुढे अशा बचावांना 'भारतीय बचाव' हे नाव पडले, ते याच डावांवरून असे मानतात.

1855 सालचा त्यांचा एक डाव मी भाच्याला पटावर मांडून दाखवला. तिसऱ्या चालीला महेशचंद्राने वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकून मध्याला आव्हान दिले, मग उंट लांब कर्णावर बसवला. सुरुवात झकास झाली. पण पुढे घोड्याचा मारा नजरेतून सुटला आणि अठरा चालींनंतर काळा राजा आपल्याच मोहऱ्यांत कोंडला गेला. मात तीन चालींवर आली.

"म्हणजे हरला?" भाचा हिरमुसला.

हरला खरा. पण सुरुवात हरली नव्हती. 1922 साली व्हिएन्नात अर्न्स्ट ग्रुनफेल्डने हाच बचाव खेळून अलेखाइनला हरवले. हा अलेखाइन पुढे 1927 मध्ये विश्वविजेता झाला. बचावाला नाव पडले ग्रुनफेल्डचे. 1956 मध्ये न्यूयॉर्कात तेरा वर्षांच्या बॉबी फिशरने डोनाल्ड बर्नविरुद्ध काळ्यांनी हाच बचाव मांडला आणि तो डाव जगभर गाजला.

आता गंमत बघा. पांढऱ्यांनी घोडा बळी देण्याची एक चाल कोक्रेनने याच महेशचंद्राविरुद्ध 1848 मध्ये खेळली. ती आजही 'कोक्रेन गॅम्बिट' म्हणून पुस्तकात आहे. समोर बसलेल्याचे नाव मात्र कशालाच नाही. त्याच्या वाट्याला आले ते नुसते 'भारतीय'. आपल्या गावच्या किती माणसांचे असेच झाले असेल!

भाच्याला मी एवढेच म्हटले, "बाळा, फॅशन बघून बचाव निवडू नकोस. ज्यात प्रत्येक चाल 'का' केली हे तुला सांगता येईल, तो घे. समोरच्याने पुस्तक सोडले तरी तो 'का' तुझ्यापाशी उरतो."

संध्याकाळी आम्ही खेळलो. काळ्यांनी तो हरलाच, पण दहाव्या चालीला नव्हे. दिवेलागण होऊन गेली होती. मग वही काढून तो डाव लिहू लागला. वर बचावाचे नाव घालायचे होते.

"ग्रुनफेल्ड लिही," मी म्हटले, "स्पर्धेत तेच ओळखतात."

त्याने लिहिले. मग खाली, जरा बारीक अक्षरात, महेशचंद्र.