क्षयावरचं सोनं

महाड-पोलादपूरची माणसं मुंबईला गिरण्यांत गेली, गोदीत गेली. चाळीतल्या एकेका खोलीत दाटीनं राहिली, आणि काहीजण खोकला घेऊन गावी परतले. ज्यांची ऐपत होती त्यांच्या घरी मग वैद्याची सुवर्णवसंतमालती यायची. सोन्यानं क्षय हटतो ही समजूत फक्त आपलीच, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. युरोपात तिला प्रयोगशाळेचा आधार मिळाला होता.

क्षयाचा जंतू दाखवणारे रॉबर्ट कॉख यांनी १८९० साली बर्लिनच्या परिषदेत सांगितलं की, सोन्याची सायनाइड संयुगं अगदी अल्प प्रमाणातही काचनळीत जंतूंची वाढ थांबवतात. पुढचं वाक्य मात्र लोक विसरले. क्षय झालेल्या जनावरांवर त्यांचा काहीही परिणाम झाला नव्हता!

डेन्मार्कच्या मोलगार्ड यांनी १९२० च्या दशकात 'सॅनोक्रायसिन' आणलं. सोनं आणि गंधक यांचं हे संयुग शिरेतून देत. रुग्णाला ताप यायचा, अंगावर पुरळ उठायचं, मूत्रपिंडं बिघडायची. खुलासा काय, तर जंतू मरताहेत, त्यांचं विष बाहेर पडतंय. म्हणजे त्रास हाच गुणाचा पुरावा! असा युक्तिवाद एकदा पक्का झाला की औषध कधी चुकतच नाही.

अमेरिकेत डेट्रॉइटजवळ अॅम्बरसन आणि सहकाऱ्यांनी २४ रुग्णांचे शक्य तितके सारखे असे दोन गट केले. सोनं कुठल्या गटाला द्यायचं, हे नाणं उडवून ठरवलं. दुसऱ्या गटाला नुसत्या शुद्ध पाण्याची सुई, आणि रुग्णांना हा फरक सांगितलेला नाही. १९३१ साली निष्कर्ष आला: फायदा नाही, अपाय मात्र आहे. पुढे स्ट्रेप्टोमायसिन आलं आणि सोनं सांधेदुखीपुरतं उरलं.

मग आज ही गोष्ट कशासाठी? तर मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१२ च्या सुमारास असे चार रुग्ण नोंदवले की, तपासलेलं एकही औषध त्यांच्या जंतूंना लागू पडत नव्हतं. म्हणून जुनी कपाटं पुन्हा उघडली. सांधेदुखीवरची सोन्याची गोळी, ऑरानोफिन, जंतूच्या एका संरक्षक विकराला चिकटते. नेहमीच्या औषधांचं लक्ष्य वेगळं असल्यामुळे त्यांना दाद न देणारे जंतूही नळीत तिला बळी पडतात. अडचण एवढीच, की तसंच विकर आपल्या पेशींतही आहे. शेवटी पुन्हा नळी आणि शरीर यांच्यातलं तेच अंतर.

ते अंतर कसं मोजायचं, हे महाडला परकं नाही. विंचूदंशावर प्राझोसिन एकटं द्यावं की प्रतिविषासह, याची तुलना डॉ. हिंमतराव बावस्करांनी इथंच केली. रुग्णांची वाटणी यादृच्छिक, म्हणजे त्या नाण्यासारखीच. २०११ साली ती ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली.

सोन्याच्या संयुगांचा क्षयावरचा निकाल अजून लागायचाय. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयासाठी आज सरकारी दवाखान्यातून बेडाक्विलिन मिळतं, तेही इतर औषधांच्या जोडीनं. त्यात सोनं नाही.