नागपुरातला परदेशी पत्रगुरू



मी पेशाने होमिओपॅथीचा डॉक्टर. वृत्तपत्रविद्येवर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की आयुष्यभर लोकांची कैफियत ऐकून लिहून घेतली. रुग्ण बोलत असताना त्याला मध्येच तोडू नये, त्याचेच शब्द टिपावेत, हा हानेमानने घालून दिलेला नियम. हाच धडा बातमीदारांना देणाऱ्या एका शिक्षकाविषयी मी आज बोलणार आहे.

रोलंड वूल्सली हे अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठात वृत्तपत्रविद्येचे प्राध्यापक होते. नियतकालिके हा त्यांचा खास विषय. 1952 साली फुलब्राइट योजनेतून ते नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आले आणि तेथील वृत्तपत्रविद्येच्या शिक्षणाचा पाया घालण्यास त्यांनी हातभार लावला. त्या काळी पत्रकार घडत तो छापखान्याच्या दारात आणि संपादकाच्या हाताखाली. ही विद्या वर्गात शिकवता येते, हे आपल्याकडे फारसे कोणाला पटत नसे. पंजाब विद्यापीठाने लाहोरला 1941 साली अभ्यासक्रम सुरू केला होता, पण फाळणीत त्याला लाहोर सोडावे लागले.

वूल्सली शिकवून नुसते परत गेले नाहीत. भारतीय पत्रसृष्टीवरील लेख जमवून त्यांनी ‘जर्नलिझम इन मॉडर्न इंडिया’ हा ग्रंथ संपादित केला. तो 1953 साली मुंबईत निघाला. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिला प्रेस आयोगही तेव्हाच काम करीत होता. त्याचा अहवाल 1954 साली आला. म्हणजे आपली पत्रे आरशात स्वतःकडे पाहू लागली, तोच हा काळ.

हिस्लॉपात शिकवलेले के. ई. ईपन पुढे बंगळूर विद्यापीठात प्राध्यापक झाले. नागपूरचे हे रोप असे कर्नाटकातही रुजले.

मला मात्र वूल्सलींचे मोल वाटते ते त्यांच्या 1971 च्या ग्रंथामुळे. त्याचा विषय अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची वृत्तपत्रे. स्वतः गोरे असून त्यांनी तो लिहिला. त्या समाजाचे पहिले पत्र 1827 साली न्यूयॉर्कला निघाले, आणि आपल्या बाळशास्त्रींचे ‘दर्पण’ 6 जानेवारी 1832 ला. मोठी पत्रे ज्यांचे सुखदुःख छापत नाहीत, ते लोक स्वतःचे पत्र काढतात. बेळगावात 1919 साली बाबूराव ठाकुरांनी ‘तरुण भारत’ का काढला, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. मराठी पत्र घरी येणे म्हणजे सीमाभागात माहेरचा माणूस येणे.

पण माहेरच्या माणसाचेही सगळेच खरे मानावे का? 1981 च्या वसंतात निपाणीला तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली महामार्ग अडवला. एप्रिलमध्ये गोळीबार झाला आणि शेतकरी बळी पडले. मी तेव्हा विद्यार्थी होतो. आमचे घर तंबाखूच्या व्यापारातले. वडील मोठ्याने पत्र वाचत, पण व्यापाऱ्यांची बाजू मांडणारे तेवढेच. दुसरे पत्र आमच्या उंबऱ्याच्या आत आले नाही. पुढे दवाखाना काढल्यावर खेड्यांतले शेतकरी औषधाला येऊ लागले आणि त्या दिवसांच्या आठवणी सांगू लागले. तेव्हा कळले, की आमच्या घरात अर्धीच कैफियत पोहोचली होती. मराठी-कानडी असा भेद तिथे नव्हता. पत्रही मराठीच होते आणि शेतकरीही बहुतेक मराठीच. अर्धे राहिले ते आमच्या ऐकण्यात.

आम्ही जैन अनेकान्ताचे नाव मोठ्या अभिमानाने घेतो. वस्तूला अनेक बाजू असतात, हे मंदिरात मान्य आणि ओसरीवर अमान्य, अशी आमची गत झाली होती. वडिलांना मी हे कधी बोलून दाखवले नाही, याची खंत अजून आहे.

आज माझ्या दवाखान्याच्या बाकावर मराठी आणि कानडी अशी दोन्ही पत्रे असतात. काही जुने स्नेही कानडी पत्र पाहून नाक मुरडतात. त्यांना मी ‘दर्पण’ची आठवण देतो. मराठीतले ते पहिले पत्र दोन भाषांच्या दोन स्तंभांत निघत असे. सीमाप्रश्नावरील आपली बाजू सोडा, असे मी म्हणत नाही. 1956 चे दुःख मीही घरातच ऐकले आहे. पण समोरचा काय वाचतो हे जो जाणतो, त्यालाच आपली बाजू नीट मांडता येते.

आपल्या नातवंडांना मराठी पत्र जरूर वाचायला द्या. मात्र ते वाचून झाल्यावर त्यांना एक प्रश्न विचारा: यात कोणाचे बोलणे राहून गेले?