फ्लूनंतरचा न्यूमोनिया : ताप उतरल्यावर येणारे संकट

इन्फ्लुएन्झा, म्हणजेच फ्लू, हा बहुतेक निरोगी प्रौढांत आठवडाभरात बरा होणारा आजार आहे. मात्र काही रुग्णांत विषाणूने दुबळ्या केलेल्या फुफ्फुसांत जीवाणूंचा शिरकाव होतो आणि तीव्र न्यूमोनिया उद्भवतो. हा दुसरा आजार बहुधा ताप ओसरल्यावर, रुग्ण पुन्हा कामाला लागण्याच्या बेतात असताना गाठतो. धडधाकट तरुणही त्यातून सुटत नाहीत.

१९१८ची साक्ष

याचे सर्वांत भीषण उदाहरण म्हणजे १९१८ची साथ. मराठी मुलखात ती ‘मानमोडी’ या नावाने ओळखली गेली. जूनमध्ये मुंबई बंदरात शिरलेला रोग सप्टेंबरमध्ये अधिक उग्र रूपात परतला. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. लोहमार्गांनी साथ देशाच्या अंतर्भागात पोहोचली. मध्य प्रांत हा सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी एक होता. मुंबई–भुसावळ–खंडवा लोहमार्गावरील बुऱ्हाणपूर तेव्हा याच प्रांताच्या निमाड जिल्ह्यात होते. भारतातील बळींचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. मृतांत २० ते ४० वयोगटातील माणसे मोठ्या संख्येने होती.

हे मृत्यू केवळ विषाणूमुळे झाले नव्हते. त्या काळातील शवविच्छेदनांचे जतन केलेले नमुने आणि ८ हजारांहून अधिक शवविच्छेदनांच्या प्रकाशित नोंदी संशोधकांनी २००८ मध्ये पुन्हा तपासल्या. बहुसंख्य रुग्णांचा अंत जीवाणूजन्य न्यूमोनियाने झाल्याचे त्यातून दिसले. पुढे प्रतिजैविके आली, तरी हा धोका संपला नाही. २००९च्या स्वाइन फ्लूमध्ये अमेरिकेत मृत्यू पावलेल्या ७७ रुग्णांच्या फुफ्फुसांचे नमुने तपासले असता २२ जणांत जीवाणूसंसर्ग आढळला.

आजार कसा जडतो?

श्वासनलिकेच्या अस्तरावर केसांसारखे सूक्ष्म तंतू असतात. कफात अडकलेली धूळ आणि जंतू ते सतत वर ढकलत असतात. फ्लूचा विषाणू हे अस्तरच नष्ट करतो. उघड्या पडलेल्या भागावर जीवाणू सहज चिकटतात. त्याच सुमारास जीवाणूंना गिळणाऱ्या संरक्षक पेशींची क्षमताही काही दिवस मंदावलेली असते.

न्यूमोकॉकस, स्टॅफिलोकॉकस ऑरियस, हिमोफिलस इन्फ्लुएन्झा आणि स्ट्रेप्टोकॉकस पायोजिनस हे यातील प्रमुख जीवाणू होत. यांपैकी काही निरोगी माणसाच्या नाकाघशात एरवी निरुपद्रवीपणे राहत असतात. स्टॅफिलोकॉकसच्या काही प्रकारांचे विष फुफ्फुसाची ऊती कुजवते. असा न्यूमोनिया तरुणांतही अल्पावधीत प्राणघातक ठरू शकतो.

धोक्याची लक्षणे

बरे वाटू लागल्यानंतर ताप पुन्हा चढणे ही सर्वांत महत्त्वाची खूण. थंडी वाजून येणे, खोकला वाढणे, पिवळा, गंजाच्या रंगाचा किंवा रक्तमिश्रित कफ पडणे, श्वास घेताना छातीत कळ येणे, ही लक्षणे दिसताच डॉक्टरांना दाखवावे. धाप लागणे, श्वासाचा वेग मिनिटाला ३० किंवा अधिक होणे, ओठ निळसर पडणे, भान हरपू लागणे, यांपैकी काहीही दिसल्यास रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. जीवाणूसंसर्ग प्रथमपासूनच विषाणूसोबत असू शकतो. त्यामुळे मध्ये बरे वाटले नव्हते म्हणून गाफील राहू नये.

उपचार आणि प्रतिबंध

छातीचा एक्स-रे, रक्ततपासणी आणि कफाची तपासणी यांवरून निदान होते. उपचारात योग्य प्रतिजैविके, गरजेनुसार प्राणवायू आणि फ्लूविरोधी ओसेल्टामिव्हिर यांचा समावेश असतो. ओसेल्टामिव्हिर लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांत सुरू केल्यास अधिक उपयुक्त ठरते. प्रतिजैविकांचा फ्लूच्या विषाणूवर परिणाम होत नाही. ती स्वतःहून घेणे टाळावे.

बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील धूलकोटसारख्या गावांतून मोठे रुग्णालय गाठण्यात वेळ जातो. अशा ठिकाणी ताप परतल्यावर एक दिवस वाट पाहणेही महागात पडू शकते. जवळच्या आरोग्य केंद्रात बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरने प्राणवायूची पातळी मोजून घ्यावी आणि ती ९४ टक्क्यांखाली असल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

भारतात फ्लूचा जोर साधारणपणे जानेवारी ते मार्च आणि पावसाळ्यात व त्यानंतर वाढतो. दरवर्षी घ्यायची फ्लूची लस हा मुख्य प्रतिबंध आहे. ज्येष्ठ नागरिक, मधुमेही, तसेच हृदय व फुफ्फुसांचे विकार असलेल्यांनी न्यूमोकॉकसच्या लशीबाबतही डॉक्टरांना विचारावे. गर्भवतींनी फ्लूची लस टाळू नये.