विजयानंतरचे मित्र : फ्रान्समधील दोस्त फौजा (१८१५–१८१८)

युद्ध चालू असताना मित्रांची मैत्री टिकणे फारसे अवघड नसते. समोर उभा असलेला शत्रूच त्यांना एकत्र बांधून ठेवीत असतो. खरी परीक्षा होते ती शत्रू पडल्यावर, त्याच्या मुलखात तळ ठोकून बसल्यावर. जिंकलेल्या देशाचे करावयाचे काय, हा प्रश्न निघाला की कालचे सोबती एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात. १८१५ ते १८१८ या काळात फ्रान्समध्ये तळ देऊन राहिलेल्या दोस्त फौजांची हकीकत या दृष्टीने फार बोधप्रद आहे. शिवाय त्या फौजांचा सेनापती आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. १८०३ साली अहमदनगरचा किल्ला घेणारा आणि असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव करणारा जनरल वेलस्ली, तोच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला.

१८ जून १८१५ रोजी वॉटर्लूला नेपोलियनचा शेवटचा पराभव झाला. दिवसभर वेलिंग्टनने जागा धरून ठेविली आणि दुपारनंतर बाहत्तर वर्षांचा प्रशियन सेनापती ब्ल्यूखर येऊन मिळाला. विजय दोघांचा होता. पण त्याच्या नावापासूनच मतभेद झाला. रणांगणावर ‘ला बेल आलियांस’, म्हणजे ‘सुंदर मैत्री’, या नावाची एक खाणावळ होती. लढाईला तेच नाव द्यावे असे ब्ल्यूखरचे म्हणणे. वेलिंग्टनने आपला मुक्काम ज्या गावी होता त्याचे नाव दिले आणि तेच जगात रूढ झाले.

अविश्वासाचे बीज त्याहूनही जुने होते. पोलंड आणि सॅक्सनी यांच्या वाटणीवरून व्हिएन्नाच्या परिषदेत एवढी तेढ माजली की, ३ जानेवारी १८१५ रोजी इंग्लंड व ऑस्ट्रिया यांनी पराभूत फ्रान्सलाच हाताशी धरून रशिया व प्रशिया यांच्याविरुद्ध गुप्त तह केला होता. प्रशियन सेनेचा कारभार पाहणारा ग्नाइझेनाऊ याने तर वेलिंग्टनच्या गोटात जाणाऱ्या आपल्या अधिकाऱ्यास, म्युफ्लिंगला, बजावून ठेविले होते की, या माणसापासून जपून राहा. हिंदुस्थानातील नबाबांशी व्यवहार करता करता हा कपटविद्येत असा तरबेज झाला आहे की आता तो नबाबांनाही हातोहात फसवील! म्युफ्लिंगने ही गोष्ट आपल्या आठवणींत लिहून ठेविली आहे.

दोन्ही सैन्ये पॅरिसकडे निघाली तेव्हा भांडणे उघड झाली. नेपोलियन हाती लागला तर त्याला गोळी घालावी, असा प्रशियनांचा आग्रह होता. राजेलोकांना त्याला मारावयाचे असेल तर त्यांनी दुसरा मारेकरी पाहावा, तो मी होणार नाही, असा वेलिंग्टनचा निर्वाळा होता. जुलैच्या आरंभी पॅरिस शरण आल्यावर ब्ल्यूखरने शहरावर दहा कोटी फ्रँकची खंडणी बसविली आणि सीन नदीवरचा येना पूल सुरुंग लावून उडविण्याचा हुकूम सोडला. हे सारे राजे येईपर्यंत थांबवावे असे वेलिंग्टनने लिहिले आणि पुलावर एक इंग्रज पहारेकरी उभा केला. सुरुंगाचा प्रयत्न झालाच. पण तो फसला. एवढ्यात रशियाचा झार व इतर राजे पॅरिसला पोहोचले आणि पूल वाचला.

श्रोतेहो, एवढ्यावरून ब्ल्यूखर रानटी आणि वेलिंग्टन उदार असा निकाल देणे सोपे आहे. पण तो न्याय्य होणार नाही. येना हे प्रशियाच्या काळजातले शल्य होते. १८०६ साली तेथे नेपोलियनने प्रशियाचे सैन्य धुळीस मिळविले, बर्लिन घेतले, ब्रांडेनबुर्ग दरवाजावरचा चार घोड्यांचा रथ उतरवून पॅरिसला नेला, पुढच्या वर्षी निम्मे राज्य तोडले आणि जबर खंडणी लादली. फ्रेंच शिपायांना घरात ठेवून घेऊन पोसण्याची पाळी प्रशियन शेतकऱ्यावर आली होती. इंग्लंडच्या भूमीवर मात्र नेपोलियनचे पाऊल पडले नव्हते. ज्याचे जळते त्यालाच कळते. स्पॅनिश सैनिकांचीही तीच गोष्ट. १८१३ च्या अखेरीस फ्रान्सच्या हद्दीत शिरताच त्यांनी लुटालूट मांडली, तेव्हा वेलिंग्टनने त्यांच्यातील बहुतेकांची परत पाठवणी केली. तेही सहा वर्षे फ्रेंचांच्या टाचेखाली भरडले गेलेले होते.

तथापि वेलिंग्टनच्या संयमामागे केवळ दया नव्हती, हिशेबही होता. आपण राजा म्हणून बसविलेल्या अठराव्या लुईच्या प्रजेला नागविले, तर सारा देश पेटेल आणि युद्ध पुन्हा सुरू होईल, हे तो ओळखून होता. अल्सेस-लोरेन तोडून घेण्याची प्रशियाची मागणीही इंग्लंड व रशिया यांनी मिळून हाणून पाडली. अखेर २० नोव्हेंबर १८१५ च्या तहाने सत्तर कोटी फ्रँकची भरपाई ठरली आणि फार तर पाच वर्षांसाठी दीड लाखांची फौज फ्रान्सच्या खर्चाने ठेवावयाचे ठरले. चार मोठ्या राज्यांचे तीस-तीस हजार, बव्हेरियाचे दहा हजार आणि डेन्मार्क, सॅक्सनी, हॅनोव्हर व व्युर्टेम्बर्ग यांचे पाच-पाच हजार, असा वाटा होता. सर्वांचा सेनापती एक, वेलिंग्टन.

यापुढील गोष्ट मोठी मार्मिक आहे. मित्रांचा परस्परांवरील संशय संपला नाही. पण तोच फ्रान्सची ढाल ठरला. फ्रान्सचा मुख्य प्रधान रिशल्यू हा पूर्वी झारच्या नोकरीत ओडेसाचा गव्हर्नर होता. त्यामुळे फ्रान्स रशियाच्या बाजूस झुकेल अशी इंग्लंडला धास्ती. प्रशियाने फार लचके तोडू नयेत ही इतरांची इच्छा. एकाचा हात सैल सुटू लागला की दुसरा तो धरावयाचा. १८१७ साली तीस हजार फौज कमी झाली आणि १८१८ च्या आखेनच्या परिषदेत ठरल्याप्रमाणे ३० नोव्हेंबरपर्यंत शेवटचे सैनिक परतावयाचे झाले. पाच वर्षांची मुदत तीन वर्षांतच आटोपली.

१८१८ हे साल ऐकून आपल्या मनात दुसरीच आठवण जागी होणार. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने बाजीरावाने मित्र म्हणून इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली आणि तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून दिला. मे १८०३ मध्ये वेलस्लीच्याच संरक्षणाखाली तो पुण्यास गादीवर परत बसला. त्या फौजेला मुदत नव्हती. जून १८१८ मध्ये बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला आणि पेशवाई संपली. त्याच वर्षी फ्रान्स मोकळा झाला. शत्रूच्या देशात गेलेली फौज परतली; मित्राच्या राज्यात आलेली कायमची राहिली!

याचे कारण इंग्रज तिकडे सज्जन व इकडे दुर्जन होते, हे नव्हे. तिकडे मुदत व वाटा कागदावर होता, आणि तो पाळला जातो की नाही हे पाहणारे आणखी तीन बलाढ्य भागीदार होते. इकडे भागीदार असा कोणी नव्हताच. आणि जे होऊ शकले असते त्या आपल्या सरदारांपैकी शिंदे-भोसले लढत असता होळकर १८०३ मध्ये अलग राहिले. परक्या फौजेला घरात घेताना तिचा सेनापती किती भला आहे हे पाहून भागत नाही. ती कधी जाणार, हे लिहिलेले आहे काय, आणि ती न गेल्यास तिला जाब विचारणारा कोण आहे, हे दोन प्रश्न आधी विचारावे लागतात. फ्रान्सला त्यांची उत्तरे त्याच्या शत्रूंच्या भांडणातून मिळाली. आपल्याकडे ते प्रश्न वेळेवर कोणी विचारलेच नाहीत.