यादीतलं नाव

आजी ही गोष्ट भाजी निवडता निवडता सांगायची. इंदूरचा आमचा वाडा, होळकरांचं संस्थान नुकतंच मध्य भारतात विलीन झालेलं. पहिल्या निवडणुकीची मतदारयादी करायला एक मास्तर दारात आले. आजोबा बाहेर गेलेले. दाराआड उभ्या असलेल्या आजीला मास्तरांनी नाव विचारलं. आजी गप्प. परक्या पुरुषाला नाव सांगायची रीतच नव्हती. शेवटी पणजीने आतून आवाज दिला, "लिहा, अमक्यांची बायको." मास्तरांनी तसंच लिहून घेतलं.

आमच्याकडे भांडी घासणाऱ्या बाईंच्या वस्तीतही ते गेले होते. बाईंनी स्वतःचं नाव सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी तेही आजीला सांगितलं.

निवडणूक आयोगाचं म्हणणं साधं होतं, यादीत बाईचं स्वतःचं नाव हवं. सुकुमार सेन मुख्य निवडणूक आयुक्त होते. देशभरातल्या सुमारे 8 कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळपास 28 लाख जणींनी नाव सांगितलं नाही आणि त्या वगळल्या गेल्या. बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, विंध्य प्रदेश आणि आमच्या मध्य भारतातल्या. त्यांत आजी. मला हा निर्णय बरोबर वाटतो, आजीचं मत हुकलं तरी. 1935च्या कायद्याखाली ब्रिटिश मुलखात मताचा हक्क जमीन, कर, शिक्षण बघून मिळे. काही बायकांना तर तो नवऱ्याच्या मिळकतीवर मिळे. नव्या घटनेने 21 वर्षांच्या प्रत्येकाला एक मत दिलं. ते अमक्याच्या बायकोच्या नावे कसं टाकणार? सरकार ज्यांच्या जिवावर उभं राहायचं, ती माणसं त्याला एकेक करून ठाऊक हवीत.

1952 साली बाई मत देऊन थेट कामावर आल्या. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर चित्र: बैलजोडी, झोपडी, दिवा. शिक्का मारायचा नाही, रुपयाच्या नोटेएवढा कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. अक्षरओळख नसली तरी अडत नव्हतं. बोटावरची शाई जात नाही हे दाखवायला बाईंनी ते बोट राखेने खसाखसा घासलं. आजी म्हणायची, "मी नुसती बघत राहिले गं."

पुढच्या वेळी मास्तर आले तेव्हा आजीने पणजीच्या देखत नाव सांगितलं. सासरचं.

1957ला मतदानाच्या रांगेत बाई पुढे होत्या, आजी मागे. वाड्यात बाई मागच्या दाराने यायच्या, परसातच बसायच्या, त्यांचा चहाचा कप वेगळा असायचा. हे सांगताना आजीचा आवाज दर वेळी खाली यायचा. आजीची पाळी आली. उमेदवारांच्या माणसांना ऐकू जावं म्हणून टेबलामागच्या कारकुनाने यादीतलं तिचं नाव मोठ्याने वाचलं. आजोबांनी ते चारचौघांत कधी उच्चारलं नव्हतं. बाईंनी मागे वळून बघितलं. इतकी वर्षं घरात वावरून त्यांनाही ते तेव्हाच कळलं.