आमच्या घरातला संप

१९८६ साली बँकेतल्या बदलीने कोल्हापूरहून बंगळूरला आलो. मल्लेश्वरमला भाड्याने दोन खोल्या मिळाल्या. चौथ्या दिवशी सकाळी घरमालकीण आज्जी दारात येऊन मोडक्या हिंदीत म्हणाल्या, ‘‘आज संप खाली है.’’ मी विचारलं, ‘‘किसका संप?’’ आज्जींनी मला अंगणात नेलं आणि लोखंडी झाकण उचललं. जमिनीखाली सिमेंटचा हौद, तळाशी वीतभर पाणी. कावेरीचं पाणी एक दिवसाआड यायचं. ते या ‘संपा’त साठवायचं आणि मोटारीने गच्चीवर चढवायचं. पंचगंगेच्या काठी वाढलेल्या मला नदी अशी झाकणाखाली पाहायची सवय नव्हती.

‘‘इथली नदी कुठाय?’’ असं मी विचारलं की आज्जी हात हलवून म्हणायच्या, ‘‘नदी इल्ला. केरे.’’ नदी नाही, तळी.

बंगळूर वसलंय समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवरच्या कण्यावर. पाऊस पडतो आणि दोन्ही अंगांनी वाहून जातो. केंपेगौडाने १५३७ साली इथं पेठ वसवली तेव्हा पाणी अडवणं भागच होतं. त्याने आणि पुढच्यांनी उताराच्या वाटेवर बांध घालून तळी केली. वरचं भरलं की ‘कोडी’वरून, म्हणजे सांडव्यावरून, पाणी राजकालुव्यात, म्हणजे मोठ्या नाल्यात, उतरायचं आणि खालच्या तळ्यात जायचं. मोरी उघडायची, शेताशेताला पाणी वाटायचं ते नीरगंटीने. आपल्याकडच्या फडातल्या पाटकऱ्यासारखंच ते काम. अतिवृष्टीत तळं पाणी पोटात घ्यायचं आणि अवर्षणात तेच परत द्यायचं. पावसाच्या लहरीशी जुळवून घ्यायची युक्ती या गावाला कुणी परिषद भरवून शिकवलेली नाही.

१६३८ नंतर बंगळूरची जहागीर शहाजीराजांकडे आली. त्यांचे पुत्र एकोजीराजांनी आमच्या काडु मल्लेश्वराला १६६९ साली गाव इनाम दिल्याचा शिलालेख आहे. देवळासमोर नुसती मोकळी जागा होती. १९९७ साली तिथली माती उपसली, तर खाली नंदीच्या मुखातून कल्याणीत, म्हणजे पायऱ्यांच्या कुंडात, पडणारी धार निघाली. बघायला आम्ही सगळी गल्ली लोटलो होतो. आज्जी मात्र शांत. ‘‘पाणी कुठं जातंय? तुम्हीच वर माती टाकली,’’ म्हणाल्या.

माती टाकण्याचा इतिहास मला पुढे कळत गेला. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर, १८८२ साली, कर्नल सँकीने आमच्या शेजारचं तळं बांधलं. पण १८९४ साली हेसरघट्ट्याहून पाणी आलं, १९३३ साली तिप्पगोंडनहळ्ळीहून, आणि १९७४ पासून शंभरेक किलोमीटरवरून, पाचशे मीटर उपसून, कावेरी. लांबचं पाणी घरात आलं, तसं जवळचं तळं म्हणजे नुसती रिकामी जागा वाटू लागली. संपंगी तळ्यावर कंठीरव स्टेडियम झालं. धर्मांबुधी तळ्यावर मॅजेस्टिकचं बसस्थानक. म्हणजे कोल्हापूरच्या गाडीतून ट्रंक घेऊन मी उतरलो तो तळ्याच्या तळाशीच!

सप्टेंबर २०२२ मध्ये बाहेरच्या रिंगरोडकडच्या श्रीमंत वसाहतींतून माणसं ट्रॅक्टरवर बसवून काढली. लोक म्हणाले, पाणी घरात शिरलं. खरं तर घरंच पाण्याच्या वाटेत शिरली होती. दीड वर्षाने, मार्च २०२४ मध्ये, बोअर आटल्या, टँकरचे भाव भडकले आणि पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर पाच हजार रुपये दंड लागला. पंख्याविना राहता येतं म्हणून ज्या गावाची ख्याती, तिथं एप्रिलअखेर पारा ३८.५ अंशांवर गेला. लगेच २ जूनला एका दिवसात १११ मिलिमीटर पाऊस. हवा तापते तशी ती जास्त बाष्प धरते, आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. म्हणजे तळ्यांची गरज केंपेगौडाच्या काळापेक्षा आज जास्त.

शहर अगदीच स्वस्थ बसलेलं नाही. २००९ पासून छतावरचं पाणी अडवणं नव्या घरांना सक्तीचं झालं. २०१८ पासून इथलं सांडपाणी शुद्ध करून कोलारची कोरडी तळी भरतात. कैकोंडरहळ्ळीचं तळं रहिवाशांनी मागे लागून जिवंत केलं.

आज्जी आता नाहीत. पुढे मी घेतलेल्या घरातही संप आहे, त्यात गच्चीचा पाइप सोडलाय. २ जूनच्या रात्री छत्री घेऊन झाकण उचललं, तर पाणी काठोकाठ. बघता बघता ते अंगणात आलं, फाटकाखालून रस्त्यावर गेलं. माझी कोडी वाहू लागली होती. विजेरीच्या उजेडात मी त्याच्यामागे कोपऱ्यापर्यंत गेलो. पाणी न चुकता उताराला लागलं होतं. खालचं तळं बुजवल्याचं त्याला कुणी कळवलेलं नव्हतं.